गावोगावच्या ललिता पवार

विशेषनामाचं सामान्यनाम व्हायला आपल्याकडे फार मोठी तपश्चर्या लागते. नारद, शकुनी, कुंभकर्ण ही मंडळी त्या पदाला पोचली, पण त्यांच्या पाठीशी रामायण-महाभारतासारखे ग्रंथ होते. निव्वळ पडद्यावर उभं राहून हा मान मिळवणारी बाई मला तरी एकच ठाऊक आहे. आमच्या जळगाव-धुळ्याकडे लग्नाची बोलणी चालायची तेव्हा मध्यस्थ सगळी माहिती भरभरून द्यायचा. मुलगा शिकलेला, घरचं बागाईत, दहा हजार खोड केळी, दारात बैलजोडी, वर पाण्याची पाळी आपली. आणि मग आवाज खाली आणून म्हणायचा, "फक्त एक आहे. घरात ललिता पवार आहे." मुलीचा बाप यावर एकही प्रश्न विचारत नसे. पानाला चुना लावता लावता त्याचं बोट मध्येच थांबायचं, एवढंच.

वास्तविक आमचा खानदेश म्हणजे साने गुरुजींची कर्मभूमी. अंमळनेरला गुरुजी शिक्षक होते, त्यामुळे 'श्यामची आई' हे पुस्तक आमच्याकडे घरोघर देव्हाऱ्याच्या शेजारी असायचं. 1953 साली अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला तेव्हा बायका घरून दोन-दोन पदर भिजवण्याच्या तयारीनं गेल्या. म्हणजे आमच्या भागातल्या बायकांसमोर दोन नमुने होते. सगळ्यांना व्हायचं असे श्यामची आई, आणि सूनबाईच्या मते प्रत्यक्षात झालेली असे ललिता पवार. आता श्यामला बायको आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या काळी कोणी काढला नाही. मीही काढत नाही.

या ललिताबाई आमच्याच, असं म्हणायची खानदेशी माणसाला फार हौस. स्मिता पाटीलवर आमचा हक्क सातबाऱ्यावर चढवल्यासारखा पक्का, कारण शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची ती मुलगी. ललिताबाईंवरचा हक्क जरा ओढूनताणून. त्यांचा जन्म 1916 चा, येवल्याचा. येवलं नाशिक जिल्ह्यात. पण धुळ्याहून मालेगाव, मनमाड करत एस.टी. येवल्यालाच जाते, आणि आमच्याकडच्या निम्म्या नवऱ्यामुलींच्या पैठण्या तिथूनच येतात. तेव्हा अर्धा हक्क सांगायला हरकत नसावी. येवलं हे तसं थोर गाव. तात्या टोप्यांचा जन्म तिथला. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती 1935 साली तिथेच. पुतणीच्या लग्नाच्या वेळी आम्ही येवल्याला गेलो तेव्हा पैठणीच्या दुकानात मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "ललिता पवार इथल्याच ना?" दुकानदारानं माझ्याकडे आणि मग माझ्या शेजारी बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. वहिनी मुलीच्या सासूसाठी आलेल्या होत्या. "इथल्याच," तो हळूच म्हणाला, "पण त्यांना दाखवायचा तो माल वेगळा. बसा." आणि त्यानं एकदम वरच्या फळीवरचं कापड काढलं.

येवल्यातल्या त्या मुलीचं नाव होतं अंबा. अंबा लक्ष्मणराव सगुण. वडिलांचा रेशमाचा आणि सुताचा व्यापार, घरात काही कमी नाही. चारचौघींसारखी ती पैठणी नेसून कुठल्या तरी पेढीवर सून म्हणून गेली असती तर हा लेख मला लिहावा लागला नसता. पण ही मुलगी पुण्याच्या मूकपटांत शिरली. 1928 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ती बालकलाकार होती. पुढे ती नायिका झाली. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहितो आहे, कारण माझ्या पिढीतल्या कोणालाही ते खरं वाटत नाही. 'हिम्मते मर्दा' 1935 साली आला त्यात ललिताबाई नायिका होत्या, पोहण्याच्या पोशाखातला त्यांचा त्या काळातला फोटो आहे, आणि तो पाहिल्यावर आमच्या एका मित्रानं चष्मा पुसून "ही ती नव्हे" असा निकाल दिला होता. तीच ती. नुसती नायिकाही नव्हे. 1938 साली त्यांनी 'दुनिया क्या है' नावाचा बोलपट स्वतः काढला, तो टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवरून. टॉल्स्टॉय वाचणारी सासू कुठल्या मध्यस्थानं आजवर पाहिली असेल?

मग 1942 च्या सुमारास ती थप्पड आली. 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण चालू होतं. प्रसंगात भगवान यांनी ललिताबाईंच्या मुस्काटात मारायची होती. भगवान म्हणजे पुढे 'अलबेला'त ज्यांनी सगळ्या देशाला नाचवलं तेच. खोटी मारायची ती आवेशाच्या भरात खरी बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. पुढे काही वर्षं उपचार चालले. चेहरा बराचसा सुधारला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला तो झालाच.

पंचविशी जेमतेम ओलांडलेली नायिका, आणि डोळा असा. सिनेमाच्या धंद्यात याला एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे घरी बसणं. ललिताबाई घरी बसल्या नाहीत. नायिकेचं काम गेलं तर जे काम उरलं होतं ते त्यांनी घेतलं. सासू, सावत्र आई, कजाग मावशी, मिजासखोर श्रीमंतीण. तो बारीक झालेला डोळा लपवायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. उलट तोच कामाला लावला. तो किंचित आणखी मिटला की प्रेक्षकांना कळायचं, आता सुनेचं काही खरं नाही. 1944 च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी बाई तोंडानं काय बोलते याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. शांतारामबापूंच्या 'दहेज'मध्ये, 1950 साली, त्या हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू झाल्या, आणि मग पुढची कितीतरी वर्षं त्यांनी दुसरं काही करायचं नाही असं सगळ्या निर्मात्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

आमच्याकडे हे सिनेमे तंबूत यायचे. यात्रेच्या वेळी कनातीचा तंबू, पुढे मातीत बसायचं, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष आणि मध्ये कापडाचा आडपडदा. एकच मशीन, त्यामुळे रीळ बदलताना अंधार आणि बिड्यांचे ठिपके. नायक-नायिका गाणी म्हणायला लागले की बायकांच्या बाजूला शेंगा फुटायच्या, पोरांना पाणी पाजायचं काम चालायचं. ललिताबाई पडद्यावर आल्या की सगळं थांबायचं. मग एखादी म्हातारी अहिराणीत ओरडायची, "दखा वं, दखा तिना डोया!" आणि सगळ्या सुना एका सुरात तोंडाला पदर लावायच्या. शेजारी सासू बसलेली असायची ना! ज्या सासवा बसलेल्या असत त्यांना मात्र पडद्यावरची बाई आपल्यासारखी आहे असं चुकूनही वाटत नसे. त्या सगळ्यांत जास्त शिव्या घालायच्या.

'श्री 420' आमच्या भागात वेगळ्याच कारणानं गाजला. 1955 सालचा हा चित्रपट राज कपूरचा, त्याच्या जपानी बुटांचा, नर्गिसचा, असं सगळा देश समजतो. रावेर-यावलकडे तो केळ्यांचा सिनेमा होता. कारण त्यात ललिताबाई मुंबईच्या रस्त्यावर केळी विकतात. राज कपूर येऊन उलटा भाव करतो. बाई सांगते त्यापेक्षा जास्त पैसे देऊन कमी केळी मागतो. यावर देशभर लोक हसले असतील. आमचे रावेरचे मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "असं गिऱ्हाईक वखारीत एक जरी आलं तरी आपण बागेला पुन्हा पाणी देऊ." केळेवाल्या बाईचं काम कोणी केलंय हे त्यांनी घरी आल्यावर विचारलं. ललिता पवार हे ऐकून ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "मग बाई वाईट नाही. धंद्यात आहे."

मामांना जे एका सिनेमात कळलं ते भल्याभल्यांना दहात कळलं नाही. त्याच 1955 साली गुरु दत्तचा 'मिस्टर अँड मिसेस 55' आला. त्यात ह्याच बाई पुरुषद्वेष्ट्या, श्रीमंत सीतादेवी. मधुबालेला इस्टेट मिळावी म्हणून तिचं एका रिकामटेकड्या माणसाशी लग्न लावून देतात आणि लगेच घटस्फोटाच्या तयारीला लागतात. एकीकडे रस्त्यावर बसून केळी विकणारी मायाळू बाई, दुसरीकडे मोटारीतून उतरणारी फटकळ सीतादेवी, आणि वर्ष एकच. नायकाला असं करता येत नाही. नायक कुठल्याही सिनेमात गेला तरी तो स्वतःच असतो, कपडे तेवढे बदलतो.

जपानात असाच एक माणूस होता. जपानशी आमचा संबंध म्हणजे अजिंठ्याला जाणारे जपानी प्रवासी जळगाव स्टेशनवर उतरतात, तेवढाच. पण पुण्याला शिकणाऱ्या आमच्या भाच्यानं एका सुटीत कुरोसावाचे चित्रपट आणून आम्हाला सक्तीनं दाखवले. त्यात ताकाशी शिमुरा नावाचा नट. थोराड चेहरा, जाड ओठ, बघताक्षणी तालुक्याचा मामलेदार वाटावा असा. कुरोसावाच्या 30 चित्रपटांपैकी 21 मध्ये हा आहे. तलवार परजायला, उड्या मारायला मिफुने. शिमुरा शेजारी उभा. पण 1954 साली 'सेव्हन सामुराई'त सात जणांचा म्होरक्या तोच, आणि त्याच वर्षी 'गॉडझिला'त समुद्रातून वर आलेल्या राक्षसाकडे गंभीरपणे बघणारा शास्त्रज्ञही तोच. राक्षस खोटा आहे हे पोरांनाही कळतं. शिमुरा बघतो म्हणून तो खरा वाटतो. मला लगेच आमच्या ललिताबाई आठवल्या. पडद्यावरच्या नायिकेचे अश्रू ग्लिसरिनचे असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. समोर ललिताबाई उभ्या असल्या म्हणून ते खरे वाटायचे.

आता माझ्या मावशीबद्दल सांगतो. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला तुरुंगाची आठवण होते. त्यातल्याच एका नंबरात माझ्या मावशीची खानावळ होती. मावशी तिशीच्या आत विधवा झाली. पदरात एक मुलगा, अंगावर पांढरं लुगडं आणि हातात भाकरी थापायची कला. तेवढ्या भांडवलावर तिनं शिरपूर, साक्री, नंदुरबारकडून कॉलेजात येणाऱ्या पोरांना जेवायला घालायला सुरुवात केली. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा, आणि रविवारी शेवभाजी. तिसऱ्या भाकरीनंतर ती पोरांकडे अशी बघायची की चौथी मागणारा मनातल्या मनात घरची शेती विकून यायचा. महिन्याचे पैसे थकले की भर पंगतीत नाव घेऊन विचारायची. पोरांनी तिचं नाव काय ठेवलं असेल हे सांगायला नको. मीही 1966 साली कॉलेजसाठी तिच्याकडेच राहायला होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची बातमी मला असायची.

एक दिवस मावशीनं मला विचारलं, "काय रे, ही ललिता पवार कोण?"

मी सिनेमातली नटी आहे म्हणून सांगितलं. मावशीनं लग्नानंतर सिनेमा पाहिलेला नव्हता. "दिसायला बरी आहे का?" असं तिनं विचारलं, आणि मी काही उत्तर द्यायच्या आत म्हणाली, "दाखव."

तेव्हा जुने सिनेमे सकाळच्या खेळाला कमी दरात लागायचे. त्या आठवड्यात 'अनाडी' लागला होता, हृषीकेश मुखर्जींचा, 1959 चा. खानावळीतली चार पोरं सोबत आली, कारण मावशीला ललिता पवार दाखवण्याचा प्रसंग त्यांना चुकवायचा नव्हता. मावशीनं स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. "फुकट कोणाचं कशाला?"

पोरांचा अंदाज साफ फसला. 'अनाडी'त ललिताबाई सासू नाहीतच. त्या आहेत मिसेस डिसा, भाडेकरू ठेवणारी एक ख्रिस्ती बाई. राज कपूरला सारखी ओरडते, भाड्यासाठी हुज्जत घालते आणि गुपचूप त्याच्या पोटाला घालते. शेवटी भेसळीच्या औषधानं मरते. या कामासाठी त्यांना त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. मिसेस डिसा मेल्या तेव्हा ती चारही पोरं नाक ओढत होती. मावशी ताठ बसून होती. बाहेर आल्यावर तिनं मत दिलं: "बाई बरी आहे. पण भाडं इतकं थकू द्यायचं नसतं." आणि दहा पावलं पुढे गेल्यावर, "तिच्या डोळ्याला काय झालंय रे?"

तेव्हा ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून पोरांनी तिला ललिता पवार म्हणणं बंद केलं, असं मी लिहिलं तर ते वाचायला फार चांगलं वाटेल. पण त्यांनी उलट तोंडावर म्हणायला सुरुवात केली, आणि मावशीनंही ते चालवून घेतलं. भाकरीचा हिशोब मात्र होता तोच राहिला.

पुढे ललिताबाईंना हसताना आम्ही मुद्दाम जाऊन पाहिलं. 'जंगली'त त्या शम्मी कपूरच्या अशा कडक आई आहेत, की घरात हसायचीच बंदी. 'प्रोफेसर'मध्ये म्हातारपणाचं सोंग घेतलेल्या त्याच शम्मी कपूरच्या त्या प्रेमात पडतात. हा प्रसंग मला फार थोर वाटतो. शिस्तीची, उभ्या जन्मात कोणाला जवळ न येऊ दिलेली बाई आरशासमोर थांबते, केस नीट करते, लाजते. थेटर हसून लोळत होतं. मी मावशीकडे पाहिलं तर ती हसत नव्हती. गंमत म्हणजे ह्या बाईंचंही नाव सीतादेवीच. नावांच्या बाबतीत निर्माते काटकसरी असावेत. 1971 च्या 'आनंद'मध्ये त्या दवाखान्याच्या मेट्रन झाल्या तेव्हा तिथेही आडनाव पुन्हा डिसाच.

सिनेमे किती केले याचा आकडा सातशेच्या आसपास सांगतात. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1961 चा. तरी दूरदर्शनवर 1987 साली रामायण सुरू झालं आणि त्या मंथरा होऊन आल्या, तेव्हा लोक म्हणाले, "ही अजून आहे?" मावशीकडे तोवर खानावळ बंद झाली होती आणि रविवारी सकाळी निम्मी गल्ली तिच्या टीव्हीसमोर यायची. मंथरा दिसली की शेजारणी बोटं मोडायच्या. मावशीला ते खपत नसे. ती म्हणायची, "ती नसती तर तुमचा राम गादीवर बसून महसुलाचे कागद तपासत बसला असता. मग काय बघायला आला असतात?" पुरोहितबुवांनाही याचं उत्तर देता आलं नाही.

त्याच सुमारास माझ्या वाचनात ती थप्पडेची हकिगत आली. मावशीला सांगितली. भाजी निवडता निवडता ती ऐकत होती.

"मग तिनं त्याला काय केलं?"

"काय करणार? मुद्दाम नव्हतं मारलं. पुढे काम करत राहिली."

मावशीनं मेथीची एक जुडी पूर्ण संपवली आणि मग म्हणाली, "नायिकेचं गेलं म्हणून रडत बसली असती तर कोणी विचारलं असतं का तिला?" माझ्या मावशीच्या तोंडून स्वतःच्या वैधव्याबद्दल जन्मात एक अक्षर निघालं नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे हे.

मावशीचा मुलगा पुण्याला स्थायिक झाला. तो दर दिवाळीला तिला न्यायला यायचा आणि ती दर दिवाळीला नाही म्हणायची. "तिकडे गेले तर चांगली सासू व्हावं लागेल. या वयात नवीन काम नको." धुळ्याच्या त्या घरात ती एकटीच राहिली.

ललिताबाई 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात, औंधच्या बंगल्यात गेल्या. पती इस्पितळात होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. त्या गेल्याचं बाहेर कळलं ते दोन दिवसांनी. मी त्या वेळी धुळ्यात होतो. सकाळी पेपर मावशीला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असायचं, कारण चष्म्याचा नंबर बदलूनही ती नवा चष्मा करत नव्हती. बातमी वाचली. सातशे सिनेमे, पुरस्कार, मंथरा, सगळं वाचलं. मावशीनं तेवढं एकच पुन्हा विचारलं, "दोन दिवस?"

"दोन दिवस."

चहाचा कप तसाच ठेवून ती उठली. कपाटातून दाराची दुसरी किल्ली काढली, शेजारच्या बाईंना हाक मारली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवत बजावलं, "सकाळी सात वाजेपर्यंत माझा आवाज ऐकू आला नाही तर सरळ कुलूप काढून आत या. सातपर्यंत मी दूधवाल्याला तरी ओरडलेलीच असते."